घाणा ते गोंधळ : भाच्याच्या लग्नातल्या देवाच्या गाण्यांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, पुणे

भाच्याचं लग्न ३० नोव्हेंबरला कराडला ठरलं. बोलणी झाली, कार्यालय झालं, आचारी झाला. रात्री दादाला फोनवर विचारलं, "घाण्याला गाणार कोण?" तो म्हणाला, "मोबाईलवर लावू की." त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. सकाळी उठून ही वही घेतली.

काम असं ठरवलंय : घाणा भरण्यापासून (लग्नाआधी सवाष्णींनी मुसळानं हळकुंडं-गहू कांडायचे, तो विधी) गोंधळापर्यंत आमच्या घरात देवाचं म्हणून जे जे गायलं जातं ते रेकॉर्ड करायचं, वहीत उतरवायचं, आणि लग्नात ते आपल्याच माणसांनी आपल्या गळ्यानं म्हणायचं. हे सगळं पाठ असलेलं आमच्यात एकच माणूस उरलंय, थोरली काकी. वय शहाऐंशी. माझ्या लग्नात रात्रभर तिचाच आवाज होता. मी तेव्हा नवरी म्हणून पाटावर बसलेली, त्यामुळे ऐकलं सगळं आणि शिकले काहीच नाही. ही चुटपुट पस्तीस वर्षं सोबत आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, कराड

ओवाळणं झाल्यावर काकीला हॉलमध्ये खुर्चीत बसवलं. पंखा बंद केला, फोन स्टुलावर ठेवला, खिडक्या लावल्या. "काकी, घाण्याच्या ओव्या म्हण." तिनं पदर सावरला, घसा खाकरला, गणपतीची पहिली ओवी म्हटली, मारुतीची दुसरी म्हटली आणि थांबली. तिसरी येईना. मी आठवण द्यायला माझं अर्धवट काहीतरी म्हटलं, त्यानं ती आणखीच घोटाळली. पाऊण तासात सहा ओव्या. त्यातल्या दोन त्याच त्या. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "गेलं बये सगळं. म्हातारपणानं खाल्लं."

मला फार वाईट वाटलं. तिला परीक्षेला बसवल्यासारखं झालं.

२४ ऑक्टोबर, कराड

आजचं लिहिताना हात थांबत नाही.

सकाळी वहिनी उरलेल्या चकलीच्या भाजणीचं काहीतरी करत होती आणि काकी तिला सांगत होती की पूर्वी हे सगळं उखळात व्हायचं. दादानं माळ्यावरून जुन्या घरातलं मुसळ काढून दिलं, नुसतं दाखवायला. काकीनं ते उभं धरलं. टोकाची लोखंडी कडी फरशीवर टेकवली, मग दोन वेळा उचलून आपटल्यासारखं केलं, अलगद, फरशीला न लावता. तिसऱ्या वेळी तोंडातून ओवी आली. कुणी सांगितलं नव्हतं.

मी धावत फोन आणला. दादानं खाली पोतं अंथरलं, त्यावर पाट, पाटावर पितळी परातीत मूठभर गहू. खालच्या मजल्यावरच्या ताईंना सांगून आलो. पुढचा दीड तास काकी कांडत होती आणि गात होती. एक्केचाळीस ओव्या. मुसळ वर जाताना ओळीचा पहिला तुकडा, वरच्या टोकाला एक श्वास, खाली येताना दुसरा. ओळ लांब असली की मुसळ वर जरा जास्त थांबतं, छोटी असली की 'गं' येतो आणि जागा भरतो. काल मी तो 'गं' फालतू समजून वहीत गाळला होता. तो फालतू नाही, तो हाताचा आहे.

काकीला विचारलं, काल का नाही आठवलं? म्हणाली, "आगं, हात रिकामा असल्यावर तोंडाला कसं सुचंल?"

२ नोव्हेंबर, पुणे

उतरवून घेण्याचं काम. एका ओवीला साधारण दहा मिनिटं जातात. काकीची बोली तशीच ठेवायची असं ठरवलं. 'पयली', 'कुकू', 'वलांडून' हे सुधारायचं नाही. सुधारलं की चाल बसत नाही.

ओव्यांचा क्रम आता स्पष्ट दिसतोय. आधी देवांना बोलावणं, मग मांडव, मग माहेरचं माणूस, मग नवरा मुलगा, मग पुन्हा देव. पत्रिकेच्या आधी अक्षत देवाला जाते, तसंच इथं. पाहुण्यांच्या आधी देव मांडवात येऊन बसलेले असतात. एक नमुना :

तुळजापूरच्या वाटं, कुकवाचा पडला सडा
अंबाबाई माझी आली, हाती हिरवा गं चुडा

एकोणिसाव्या ओवीत एक नाव नीट लागत नाहीये. 'वागजाई' असं काहीतरी. प्रश्नचिन्ह टाकून पुढं गेले.

४ नोव्हेंबर, पुणे

तुळशीचं लग्न. घरच्या मंगलाष्टकाची पहिली चाचणी तुळशीपुढं केली.

भाच्यानं हट्ट धरलाय की एक तरी मंगलाष्टक आपल्या घरचं हवं, आत्यानं लिहिलेलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की हे वाटतं तितकं सोपं नाही. वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, बारा अक्षरांवर थांबा, पुढं सात. 'कुर्यात् सदा मंगलम्' मोजून पाहा : कुर्, यात्, स, दा, मं, ग, लम्. बरोबर सात. म्हणून ते शेपूट या वृत्तातल्या कुठल्याही मंगलाष्टकाला चपखल लागतं; थांब्यानंतरची जागा त्याच्याच मापाची असते. इतकी वर्षं अक्षता हातात घेऊन ऐकत आले, कधी मोजलं नव्हतं.

माझी पहिली ओळ होती 'तुळजाभवानी या दोघांना सुखी ठेवो'. भाव ठीक, पण गाताना दोन पावलांत कोसळते. चार दिवस अक्षरं बोटांवर मोजून ती अशी झाली :

आई श्रीतुळजा कृपा करुनि या दोघांस सांभाळु दे

दुसरी ओळ खंडोबाची, कारण आमचं कुलदैवत पालचा खंडोबा. 'भंडारा उधळे घरात अवघ्या मल्हार दारी उभा' असं लिहून लग्न लावणाऱ्या गुरुजींना फोनवर म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "अवघ्यातला 'व' चालेल, पुढं जोडाक्षर असलं तरी मराठीत तिथं जोर येत नाही. पण 'मल्हार' म्हणताना 'म' हलका पडतोय, तिथं जड हवा. 'मल्लारि' करा ना. देवाचंच नाव आहे, आणि 'ल' दुहेरी आला की 'म' आपोआप जड होतो." म्हणून बघितलं. अगदी दार उघडल्यासारखी ओळ मोकळी झाली.

भंडारा उधळे घरात अवघ्या मल्लारि दारी उभा

तिसरी :

आजीच्या मुसळी सुरेल घुमती ओव्या जुन्या अंगणी

(काकी भाच्याची आजी.) चौथीचं शेपूट तयार आहे, पुढची बारा अक्षरं सापडत नाहीत. तुळशीला आज साडेतीन ओळींवर भागवलं.

९ नोव्हेंबर, रविवार, कराड

गोंधळाचं ठरवायला गोंधळी मामा घरी आले. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे त्यांच्याच घराण्याचा गोंधळ. तुळजाभवानीचे म्हणून ते कदमराई. माहूरच्या रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई. सोबत मुलगा होता, तो संबळ वाजवणार. दिवस २ डिसेंबर, मंगळवार, देवीचा वार.

चहा झाल्यावर मामांनी खिशातून छोटी वही काढली. "कुळाचे देव सांगा." गोंधळात आवाहन असतं, एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारून 'गोंधळा ये' म्हणतात. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा हे तर सगळ्यांकडचे. त्यानंतर ज्या घरचा गोंधळ त्या घरचे देव. दादानं पालचा खंडोबा सांगितला आणि थांबला. मामा म्हणाले, "गावदेवी?" दादा माझ्याकडे बघायला लागला. मी वहिनीकडे. मामांच्या वहीत त्यांच्या वडिलांच्या अक्षरातलं जुनं पान होतं, पण आमच्या नावापुढं तेवढी एक जागा पुसट झालेली.

मला एकोणिसावी ओवी आठवली. फोनवर लावली. तिसऱ्यांदा ऐकताना लागलं :

मांडवाच्या दारी, ओलं पाऊल कुणाचं
वाघजाई माझी आली, पाणी तुडवून कोयनेचं

काकी आतून बाहेर आली. "ती आपली. गावची." मग सांगत बसली. तिचं सासर, म्हणजे आमचं मूळ गाव, कोयनेच्या खोऱ्यात. वाघजाईचं ठाणं नदीपल्याड रानात, मूर्ती नाही, शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता दगड. लग्न ठरलं की घरची पाच माणसं नदी उतरून तिला आमंत्रण द्यायला जायची. ओवी काकीला तिच्या सासूनं शिकवली, धरणाच्या पुष्कळ आधी. मग धरण आलं. १९६४ साली कोयना धरण पुरं झालं, गाव शिवसागरात, धरणाच्या जलाशयात, गेलं. भांडी आणली, गुरं आणली, मुसळ आणलं. तांदळा रानातच राहिला. "कुणी उचलायचा? देवीला इचारायला येळच नव्हता," काकी म्हणाली.

पुनर्वसनानंतर आमच्यात चार लग्नं झाली, पाचवं माझं, मग चुलत भावंडांची. एकाही गोंधळात तिला हाक गेली नाही, कारण हाक मारायला तोपर्यंत नाव सांगणारं पुरुषमाणूस उरलं नव्हतं. आणि काकीला कुणी विचारलं नव्हतं. ओवी मात्र ती दर घाण्याला म्हणत होती. आम्ही सगळे तिथंच होतो.

मामांनी पेन काढून पुसट जागेवर नीट लिहिलं.

११ नोव्हेंबर, पुणे

ऑफिसात हा विषय निघाला तेव्हा उरणकडची सहकारी म्हणाली, आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच, तिच्या धवल्यांशिवाय हळदसुद्धा लागत नाही. पूर्वी तर लग्नच ती लावायची. रायगड-ठाण्याकडे एका बाईनं गाणं म्हणत लग्न लावायचं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! वारल्यांतही तसंच, देवचौक (लग्नाचं भिंतीवरचं चित्र) लिहिताना धवलेरी गाते आणि सवाशिणी भिंतीवर पालघट देवी काढतात. 'धवळे' हा शब्द तर तेराव्या शतकात महदंबेपर्यंत जातो. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री आपल्याला भेटते ती लग्नात देवाचं गाताना.

आणखी एक सापडलं, ते मला फार प्रिय झालंय. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर, त्याच्या मानसोल्लासात लिहिलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजानं कामासकट नोंद केली! नऊशे वर्षांपूर्वी त्याला जे दिसलं ते मला २४ ऑक्टोबरला दादाच्या फ्लॅटमध्ये दिसलं. आपल्याकडे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. माझ्या एक्केचाळीस त्यांच्यापुढं काहीच नाहीत, पण त्या आमच्या आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार, कराड

तालीम. दोघी वहिन्या, दादाची मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, मी. ओव्यांच्या प्रती वाटल्या. कागद हातात धरून मुसळ धरता येत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. म्हणून कागद बंद. काकी एक म्हणेल, बाकीच्यांनी झील धरायची. पोरींना लवकर जमलं. नाचणाऱ्या आहेत, ठेका अंगात आहे.

चौथी ओळ परवा रात्री सुचली. शब्द काकीच्या ओवीतलेच, फक्त मापात बसवले :

ओल्या पाउलि वाघजाइ घरि ये कुर्यात् सदा मंगलम्

गुरुजी म्हणाले, "एकही अक्षर हलवू नका."

मग अवघड विषय निघाला. घाणा पाच सवाष्णींनी भरायचा असतो. काकी विधवा आहे, तेवीस वर्षं. तिला आजपर्यंत घाण्याला मागं, चौकटीपाशी बसवलं गेलंय. ती तिथून गायची, मुसळाला हात लावायचा नाही. माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगचा आधार म्हणजे तिचा मुसळावरचा हात आणि लग्नाच्या दिवशी नेमका तोच हात बाजूला ठेवायचा? मी बोलले. हेरवाडचं सांगितलं, शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं मे २०२२ मध्ये विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तोही आपल्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात. दादा लगेच "हो" म्हणाला. नकार काकीनंच दिला. "पोराचं शुभकार्य हाय. माझा हात नगं." यावर काय बोलायचं? रागावता येत नाही, समजावता येत नाही. तिथंच सोडून दिलं. परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत तोच विचार डोक्यात होता.

रात्रीच्या डीजेचा वादही झाला, तो लिहीत नाही. हळदीला दोन तास डीजे, घाण्याला आणि गोंधळाला नाही, इतकं ठरलं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

दादाकडे तळी भरली. येळकोट येळकोट जय मल्हार. लग्नानंतर जागरण वेगळं न घालता पौषात जोडी पालला जाणार आहे. तिथं तेव्हा खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. मी पुण्यातच, व्हिडिओ कॉलवर. भंडाऱ्यानं दादाचा फोन पिवळा झाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, कराड

घाणा.

दोन मुसळं जोडून बांधली, वर आंब्याचे डहाळे, हळकुंड, सुपारी. गावातून उखळ आणलं होतं, ते फ्लॅटच्या खाली पार्किंगमध्ये मांडलं. उखळात गहू आणि हळकुंडं. पाच सवाष्णी उभ्या राहिल्या, काकी मागं लिफ्टच्या भिंतीला टेकून पाटावर बसली.

पहिल्या चार ओव्या बऱ्या झाल्या. मग ठेका बिघडला. पाच जणींचे दहा हात जोडमुसळावर, कुणी आधी उचलतंय, कुणी नंतर. काकीची ओळ संपायच्या आत मुसळ खाली. ती गाताना ताणायची, मुसळ थांबायचं नाही. ती थांबायची, मुसळ वर अडकायचं. बाजूला उभ्या बायका हसू दाबत होत्या. मी हेडफोन लावून बसले होते, आणि मला काकीच्या श्वासातली ओढ ऐकू येत होती. तिचा उजवा हात मांडीवर वर-खाली होत होता. बरोबर होत होता.

मोठी वहिनी, नवऱ्यामुलाची आई, हे बघत होती. तिनं मुसळ न सोडता मान वळवली आणि म्हणाली, "आत्याबाई, या." काकी मान हलवत राहिली. वहिनी मग मुसळ बाकीच्या चौघींच्या हाती देऊन स्वतः गेली, काकीला दंडाला धरून उठवलं, आणली, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये मुसळावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. नात्यातली एक बाई उठून वर गेली, तेवढंच.

मुसळ पहिल्यांदा उचललं गेलं ते काकीच्या श्वासावर. पाचवी ओवी. मग थांबलंच नाही. एकोणिसावी आली तेव्हा पोरींनी 'ओलं पाऊल कुणाचं' इतक्या जोरात म्हटलं की रस्त्यावरची माणसं फाटकापाशी उभी राहिली. एकूण त्रेपन्न ओव्या झाल्या. म्हणजे ऑक्टोबरपेक्षा बारा जास्त, मला ठाऊक नसलेल्या. वर गेलेली बाई कधी खाली आली कळलं नाही. रेकॉर्डिंगच्या शेवटी झिलीत तिचा आवाज आहे, स्पष्ट.

काकीच्या तळव्याला फोड आला. हळद लावली.

२९ नोव्हेंबर

देवक बसवलं, हळद लागली. उष्टी हळद नवरीकडे गेली. डीजे ठरल्याप्रमाणे.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं, सगळं छान झालं, एक गोष्ट सोडून. घरचं मंगलाष्टक मी आणि पुतणी म्हणत होतो. तीन ओळी उत्तम गेल्या. चौथीला 'ओल्या पाउलि' म्हटलं आणि कार्यालयाच्या साउंडवाल्यानं आमचा माइक बंद करून सनईची रेकॉर्ड चालू केली. त्याला वाटलं संपलं. लोकांनी अक्षता टाकल्या. अंतरपाट अजून धरलेलाच होता. गुरुजींनी हातानं थांबवायचा प्रयत्न केला, पण सनई आठशे माणसांवर चालू होती. मला रडूच आलं. जिच्यासाठी ओळ लिहिली तिचंच नाव गेलं.

संध्याकाळी सूनबाई घरी आली. दारात माप ठेवलं होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी, पायाला कुंकवाचं पाणी. काकी म्हणाली, "म्हण की आता ती तुझी." मी म्हटली, माइक नाही, काही नाही. सगळ्यांनी सात अक्षरं एकत्र उचलली, आणि मग माप लवंडलं.

२ डिसेंबर, मंगळवार

गोंधळ. हॉलमधलं सगळं सामान बाहेर. पाटावर नवा खण, त्यावर तांदळाची रास, कलश, विड्याची पानं, नारळ. वर पाच उसांचा चौक बांधलेला. कलशाचं पाणी दादानं सकाळी प्रीतिसंगमावरून आणलं. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात. त्यानं कळशी कोयनेच्या बाजूनं बुडवली. मी सांगितलं नव्हतं.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून मामांनी सुरुवातीपासूनच लावला नाही. चांगलंच झालं. रेकॉर्डिंगचं मात्र शिकायला मिळालं : पहिली दहा मिनिटं वाया गेली. फोन संबळापासून तीन फुटांवर होता, आणि संबळाच्या पहिल्या कडकडाटाबरोबर आवाज फाटला. फोन घाबरून सगळंच दाबायला लागला, त्यात तुणतुणं आणि गळा दोन्ही बुडाले. मग आवाजाची पातळी हातानं कमी करून फोन स्वयंपाकघराच्या दारात नेला, साधारण पंधरा फूट. तिथून संबळाचा घुमारा, झांज, तुणतुण्याची एकतारी गुणगुण, सगळं आपापल्या जागी बसलं. पुढच्या वेळी कुणी रेकॉर्ड करणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

मामांच्या अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा. संबळाची पूजा झाली, दिवटी पेटली, ती दादानं धरली. गण झाला. आवाहन सुरू झालं. तुळजापूरच्या भवानी आई, गोंधळा ये. कोल्हापूरच्या अंबाबाई, गोंधळा ये. एकेका नावाला झांज वाजते, मागचा झीलकरी शेवटचा शब्द उचलतो. पंढरी झाली, जेजुरी झाली, पाल झालं. मामा थांबले. त्यांनी वही काढली नाही. काकीकडे तोंड केलं.

"कोयनाकाठच्या वाघजाई, गोंधळा ये."

संबळ एक ठोका चुकवून थांबलं. पोरगा बापाकडे बघत होता. त्या शांततेत काकी म्हणाली, "आली." नेहमीच्या आवाजात, दारात आलेल्या बाईला म्हणावं तसं.

पुढचं आख्यान पहाटे दोनपर्यंत चाललं. उदे गं अंबे उदे.

७ डिसेंबर, पुणे

फाईली लावल्या. एकूण सव्वासहा तास. घाण्याच्या त्रेपन्न ओव्या, तेलवणाच्या आठ, मंगलाष्टकं तीन (एक अर्धवट), गोंधळ पूर्ण, आवाहन वेगळं कापून ठेवलं. प्रत्येक फाईलच्या नावात गाणं, दिवस, आणि 'हातात काय होतं' ते लिहिलं : मुसळ, सूप, दिवटी, काही नाही. 'काही नाही' लिहिलेल्या फाईली सगळ्यांत छोट्या आहेत.

एक-एक पेनड्राइव्ह सहा घरांत दिला. वहीच्या प्रती गोंधळी मामांनाही. नव्या सुनेनं तिच्या माहेरच्या घाण्याचं विचारायला सुरुवात केलीय. तिच्याही आजी आहेत, नाशिकला.

बारशाचे पाळणे या यादीत नाहीत. काकीला ते येतात. त्यासाठी पाळणा लागेल.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी सातला दादाचा फोन. काकी तांदूळ पाखडत होती आणि एक ओवी आली, जी त्रेपन्नात नाही. वाघजाईचीच दुसरी. दादानं हातातला चहा ठेवून घाईघाईनं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलीय. सुपाचा आवाज ओवीपेक्षा मोठा आलाय, दोन शब्द त्यात गेलेत. काकीला पुन्हा म्हणायला सांगितलं तर म्हणाली, उद्या. उद्या परत तांदूळ घ्यायचेत.

फाईल क्रमांक चौपन्न. हातात : सूप.